अंगठा किती उघडतो? संधिवाताच्या हाताचं मोजमाप घेण्याची रीत

मागच्या डिसेंबरात निफाडकडून एक मावशी आल्या. वय साठीच्या अलीकडे, आणि तीसेक हंगाम द्राक्षबागेत विरळणी केलेला उजवा हात. अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो, कात्री धरवत नाही, ही तक्रार. बरोबर आलेल्या मुलाने टेबलावर दोन कागद ठेवले. अंगठा तळव्यापासून दूर जाण्याचा कोन एका कागदावर होता ३५ अंश. तीन आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी मोजला तो ५५. मुलगा खुशीत होता. "मॅडम, वीस अंशांनी सुधारलंय ना?" मावशी खुर्चीतूनच म्हणाल्या, "कशाचं सुधारलंय? काल लोणच्याच्या बरणीचं झाकण सुनेनंच उघडलं."

मावशींचं बरोबर होतं. अंगठ्याचं आणि तर्जनीचं तळव्यातलं हाड एकमेकांशेजारी मिटवून ठेवलं तरी त्यांच्यात १५ ते २० अंशांचा कोन उरतोच. कोणी तो वजा करून लिहितं, कोणी तसाच ठेवतं. दोन्हीकडे फोन करून विचारलं तेव्हा कळलं, पहिल्या ठिकाणी वजा केला होता, दुसरीकडे नव्हता. अंगठा तीन आठवडे होता तिथेच होता.

मी नाशिकमध्ये हाताच्या सांध्यांची फिजिओथेरपी करते आणि असे कागद दर महिन्याला पाहते. आकडा असतो, पण तो कसा घेतला हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून हा लेख, नुकते कॉलेजातून बाहेर पडलेल्या फिजिओंसाठी आणि घरी आई-वडिलांच्या हाताची वही ठेवू पाहणाऱ्यांसाठीही. घरच्यांना सगळंच जमेल असं नाही. जे घरी करू नये ते त्या-त्या जागी सांगते.

आधी सांधे ओळखा

चार बोटांना प्रत्येकी तीन सांधे. मूठ वळल्यावर हाताच्या पाठीवर जे उंचवटे दिसतात तो मुळाचा सांधा, त्यानंतर मधला, आणि शेवटी नखाजवळचा. फाइलमध्ये यांनाच एमसीपी, पीआयपी आणि डीआयपी लिहिलेलं असतं. अंगठ्याला पेरं दोनच, म्हणून त्याला मुळाचा आणि टोकाचा असे दोन सांधे दिसतात. तिसरा दिसत नाही. तो मनगटाला लागून, अंगठ्याच्या गादीखाली दडलेला असतो. त्याचं नाव सीएमसी, पुढे मी त्याला बुडाचा सांधा म्हणते. आकार घोड्याच्या खोगिरासारखा, त्यामुळे तो पुढे-मागे, आत-बाहेर आणि थोडा गोलही फिरतो. माणसाच्या हाताची अर्धी कमाई या एका सांध्यावर आहे, आणि मोजायला सगळ्यात अवघडही तोच.

आजार कोणता यावरून कुठे लक्ष द्यायचं ते ठरतं. झिजेच्या संधिवातात नखाजवळच्या आणि मधल्या सांध्यांवर कडक गाठी येतात आणि अंगठ्याचं बूड दुखतं. सकाळचा ताठरपणा असतो, पण बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. आमवातात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात त्यात, मनगट, मुळाचे सांधे आणि मधले सांधे मऊसर सुजतात, नखाजवळचे बहुतेक वाचतात, आणि सकाळचा ताठरपणा तास-तास राहतो. बोटं करंगळीच्या बाजूला झुकायला लागली असतील तर तेही याच आजाराचं.

सामान

सांध्याचा कोन मोजायचं साधन म्हणजे गोनिओमीटर: एक स्थिर पातं, एक फिरतं, आणि दोन्ही जिथे जोडलेली ती आस. बोटांसाठी वेगळा छोटा गोनिओमीटर मिळतो, साधारण वीतभर किंवा त्याहून आखूड. गुडघ्याचा मोठा प्लॅस्टिकचा गोनिओमीटर बोटावर लावणं म्हणजे वरवंट्याने वेलची कुटणं. बोटांच्या गोनिओमीटरची पाती आखूड आणि रुंद असतात, ती बोटाच्या पाठीवर चपटी बसतात. सर्जिकल सामानाच्या दुकानात नुसतं "गोनिओमीटर द्या" म्हणालात तर मोठाच हातात पडेल. "बोटांचा" असं स्पष्ट सांगा.

घरी मोजायचं तर तेवढीही गरज नाही. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक, पारदर्शक सहा इंची पट्टी, बॉलपेन आणि एक मऊ तांब्याची तार पुरते. तार बोटाच्या पाठीवरून सांध्यांच्या वळणाप्रमाणे दाबून बसवायची, बाजूने अलगद काढायची, कागदावर ठेवून पेन्सिलीने तिची रेघ ओढायची. दर महिन्याला त्याच कागदावर वेगळ्या रंगाची रेघ. आकडा नाही, पण बोट किती आखडलं किंवा मोकळं झालं ते आजीलाही चष्म्याशिवाय दिसतं. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात काम करणारं कुणी घरात असेल तर त्यांच्याकडून व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे मिलिमीटरमध्ये अंतर मोजायचं जबड्याचं साधन, मागून घ्या. अंगठ्यासाठी तो लागणार आहे. कंपासपेटीतला कर्कटक चालतो, पण त्याची टोकं वयस्कर माणसाच्या पातळ कातडीला टोचतात. टोकांवर चिकटपट्टीचे गोळे करून लावा.

मोजण्याआधीची दहा मिनिटं

शिकत असताना मी एका बाईंची बोटं मोजली होती. मधला सांधा आदल्या आठवड्यापेक्षा १५ अंशांनी जास्त वळत होता. मी उत्साहाने सरांना वही दाखवली. सरांनी वहीकडे पाहिलंच नाही, बाईंना विचारलं, "ताई, येण्याआधी काय करत होतात?" बाई म्हणाल्या, "भांडी. गरम पाण्यात. आज बाई आली नव्हती." ते १५ अंश गरम पाण्याचे होते.

तेव्हापासून मी वहीत पहिल्या ओळीत वेळ लिहिते. सकाळी सातला घेतलेलं माप आणि दुपारी चारला घेतलेलं माप ही दोन वेगवेगळ्या हातांची मापं समजा, विशेषतः आमवातात. जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा खाली उतरला की निफाड, दिंडोरीकडची मंडळी हात काखेत घालूनच दवाखान्यात शिरतात. अशा हाताचं लगेच माप घेतलं तर ते थंडीचंच माप होतं. दहा मिनिटं बसू द्या, मूठ पाच-सहा वेळा हळूच उघडू-मिटू द्या, मग घ्या. पुढच्या वेळीही तेवढंच करा. एकदा शेक देऊन आणि एकदा न देता असं करू नका.

आणखी तीन गोष्टी त्याच ओळीत लिहा. दुखण्याची गोळी किती वाजता घेतली, सकाळी बोटं किती मिनिटं ताठ होती, आणि आत्ता ० ते १० मध्ये दुखणं किती.

आता बसवणं. टेबलाजवळ खुर्ची, कोपर टेबलावर टेकलेलं, आणि मनगट सरळ. मनगट सरळ का, ते स्वतःच्या हातावर करून बघा. हात सैल सोडून मनगट खाली पाडा, बोटं आपोआप उघडतील. मनगट मागे उचला, बोटं मिटू लागतील. स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून जातात, म्हणून मनगट हललं की बोटांचे आकडेही हलतात. आमवातात मनगटच सरळ होत नसेल तर जिथे आरामात राहतं तिथे ठेवा, फक्त ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळीही तिथेच ठेवा.

अंगठ्या आणि बांगड्या आधीच काढून घ्या. निघत नसेल तर ओढाताण नको, "अंगठी निघत नाही" ही सुजेची नोंदच आहे.

बोटं

आधी माणसाला स्वतःहून वळवू द्यायचं. आपण हात लावायचा तो नंतर.

गोनिओमीटर बोटाच्या पाठीवर ठेवायचा. मुळाच्या सांध्यासाठी स्थिर पातं हाताच्या पाठीवरच्या हाडावर आणि फिरतं पातं पहिल्या पेरावर. मधल्या सांध्यासाठी पहिलं पेर आणि दुसरं पेर. नखाजवळच्या सांध्यासाठी दुसरं पेर आणि तिसरं. आधी "बोट जितकं सरळ होईल तितकं करा" आणि आकडा घ्या, मग "जितकं वळेल तितकं वळवा" आणि दुसरा. पातं कातडीवर दाबू नका, नुसतं टेकवा. दाबलं की सांधा वळतो आणि तुमच्याच बोटाचा जोर तुम्ही मोजता.

पुस्तकातला हात साधारण असा असतो: मुळाचा सांधा ९० अंश वळतो, मधला १०० ते ११०, नखाजवळचा ७० ते ९०. अंगठ्याचा मुळाचा सांधा ५० ते ६० आणि टोकाचा ८०. या आकड्यांची फार आठवण ठेवू नका. अंगठ्याच्या मुळाचा सांधा तर निरोगी माणसांतही इतका वेगवेगळा असतो की दोन सख्ख्या बहिणींचा जुळत नाही. शिवाय संधिवातात दुसरा हातही निरोगी नसतो, त्यामुळे "डाव्याशी तुलना करा" हा सल्लाही लंगडा. तुलना करायची ती त्याच हाताच्या मागच्या महिन्याशी.

गाठी असलेल्या बोटावर मात्र पाठीकडून मोजणं फसतं. नखाजवळ हरभऱ्याएवढी गाठ असली की पातं तिच्यावर चढतं आणि बोट आहे त्यापेक्षा वेगळं दिसतं. तिथे गोनिओमीटर बोटाच्या बाजूने लावा, आस सांध्याच्या मध्यावर, पाती हाडांच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवर. अंगठ्याच्या टोकाच्या सांध्याला तर मी नेहमी बाजूनेच मोजते, कारण नख फुगीर असतं. आणि वहीत "बाजूने" असा शब्द लिहिते. पाठीने आणि बाजूने घेतलेली मापं एकमेकांशी जुळवायची नाहीत.

यानंतर पूर्ण मूठ. तिन्ही सांधे एकाच वेळी वळलेले असताना मोजा. सुटे-सुटे मोजले की प्रत्येक सांधा चांगला दिसतो, पण मूठ वळत नाही, असा प्रकार रोजचा आहे. मुठीतले तीन आकडे मिळवा आणि सरळ होताना जी कमी राहिली ती वजा करा. उदाहरण घ्या: उजवी तर्जनी, मुठीत ७०, ८५ आणि ४०. बेरीज १९५. मधला सांधा सरळ होताना २० अंश वाकडाच राहतो. १९५ वजा २०, म्हणजे १७५. निरोगी बोटात ही बेरीज २६० च्या आसपास जाते. एका बोटाला एक आकडा, डॉक्टरांना दाखवायला सोपा.

घरच्यांसाठी याहून सोपं आणि माझ्या मते जास्त बोलकं माप पट्टीचं आहे. मूठ वळताना बोटाचं टोक तळव्याच्या वरच्या आडव्या रेघेपासून किती सेंटीमीटर लांब राहतं ते मोजा. आडव्या दोन रेघांपैकी बोटांच्या जवळची ती ही रेघ. टेकलं तर शून्य. भाकरी थापणाऱ्या, पिशवी धरणाऱ्या हाताला अंशांपेक्षा हे सेंटीमीटर समजतात. उलट दिशेने, तळवा टेबलावर पालथा ठेवून कोणतं बोट टेबलाला टेकत नाही ते पाहा.

नमस्कारही करायला सांगा. दोन्ही तळवे, सगळी बोटं एकमेकांना टेकतात का? मध्ये फट राहत असेल आणि मधुमेह असेल तर संधिवाताशिवायही हात आखडलेला असू शकतो. ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता आपण हात लावून वळवायची पाळी. ती घरच्यांनी करू नये. फिजिओने करावी, तीही सांधा गरम-लाल नसेल आणि नुकतं ऑपरेशन झालेलं नसेल तरच. एका बोटाने सांध्याच्या मागचं हाड धरायचं, दुसऱ्याने पुढचं पेर अलगद नेत राहायचं, आणि माणसाचा चेहरा पाहत राहायचं. कपाळावर आठी आली की थांबायचं. स्वतःहून मधला सांधा ३० अंशांवर अडतो आणि आपण नेला तर पूर्ण सरळ होतो, म्हणजे सांधा मोकळा आहे, दोष ओढणाऱ्या दोरीत आहे. आपण नेला तरी ३० वरच अडतो, म्हणजे सांधाच आखडलाय. दोघांचे उपचार वेगळे, आणि हा फरक एका मापाने कधीच कळत नाही.

एक परीक्षा इथेच करून टाका. मुळाचा सांधा सरळ धरून मधला वळवून पाहा, मग मुळाचा वळवून पुन्हा मधला वळवा. पहिल्या वेळी कमी आणि दुसऱ्या वेळी जास्त वळत असेल तर तळव्यातले लहान स्नायू आखडलेत. आमवातात हे फार दिसतं. पुढे मधला सांधा मागे झुकून नखाजवळचा खाली वाकतो आणि बोट हंसाच्या मानेसारखं दिसतं, त्याची सुरुवात बऱ्याचदा इथून होते.

अंगठा

इथे घाई करू नका. चिमटीत १ किलोचा जोर लावला तर बुडाच्या त्या खोगीर-सांध्यावर साधारण १२ किलोचा भार येतो असं हिशेबाने मांडलेलं आहे. विरळणीची कात्री दिवसाला हजारो वेळा मिटते. मावशींचा सांधा का झिजला याचं उत्तर तिथेच आहे.

अंगठा दोन तऱ्हांनी उघडतो. हात टेबलावर करंगळीच्या कडेवर उभा ठेवा, जसा आपण ताक प्यायला पेला धरतो तसा, आणि अंगठा तळव्यापासून समोर, काटकोनात दूर न्या. हे पहिलं. तळवा टेबलावर पालथा ठेवून अंगठा त्याच पातळीत बाजूला सरकवा. हे दुसरं. वहीत दोघांना वेगळी नावं द्या. मी "पेल्याचं" आणि "टेबलाचं" असं लिहिते, रुग्णांना लगेच कळतं. संधिवातात आधी जातं ते बहुतेकदा पेल्याचं. तांब्या, बरणी, मोठा डबा हातात मावेनासा होतो.

पेल्याचं माप असं. गोनिओमीटरची आस मनगटाजवळ, जिथे दोन्ही हाडं एकत्र येतात तिथे. स्थिर पातं तर्जनीच्या तळव्यातल्या हाडावर, म्हणजे हाताच्या पाठीवर तर्जनीच्या सरळ रेषेत. फिरतं पातं अंगठ्याच्या तळव्यातल्या हाडावर. अंगठ्याच्या टोकावर नाही, पहिल्या पेरावरही नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बुडाचा सांधा आखडला की हात गप्प बसत नाही, अंगठ्याच्या मुळाचा सांधा मागे वाकून भर काढतो. लांबून पाहिलं तर अंगठा छान उघडलेला दिसतो. पण बुडाचं हाड तळव्याला चिकटलेलंच असतं आणि अंगठा अर्ध्यातून मागे मोडल्यासारखा, नागमोडी दिसतो. टोक पाहून मोजलं तर ५०, हाड पाहून मोजलं तर २५. त्यामुळे मी आधी मुळाच्या सांध्याला बोट लावून तो मागे जातोय का ते बघते, जात असेल तर त्याचाही आकडा वेगळा लिहिते: "मुळाचा, मागे २०".

सुरुवातीचा कोन वजा केला की नाही, तेही लिहा. मी वजा करत नाही. मिटलेल्या अंगठ्याचा आकडा आणि उघडलेल्याचा, दोन्ही लिहिते: "२० ते ४५". वाचणाऱ्याने हवं तर वजा करावं.

खरं सांगायचं तर या सांध्यावर अंशांवर माझा विश्वास कमीच. हाडं आखूड, वर गादी जाड, पातं जरा सरकलं की दहा अंश इकडचे तिकडे. त्याऐवजी अंतर मोजा. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मुळाच्या सांध्यांच्या डोक्यावर, हाताच्या पाठीकडून, बॉलपेनने एकेक ठिपका द्या. अंगठा पेल्यासारखा पूर्ण उघडायला सांगा आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर व्हर्नियरने किंवा कर्कटकाने घ्या. मिलिमीटरमध्ये लिहा. मुळाचा सांधा मागे वाकून कितीही फसवायला बघो, ठिपका त्याच्या अलीकडच्या हाडावर असल्याने फसवणूक चालत नाही. दोन वेगळ्या माणसांनी घेतलं तरी हे माप बऱ्यापैकी जुळतं. एकच अट, ठिपके कातडीवरून नाही, हाड चाचपून द्यायचे. हाताचा आकार वेगळा म्हणून तुमच्या मावशींचं अंतर माझ्या मावशींशी ताडू नका.

मग येते अंगठ्याची यात्रा. फ्रेंच शल्यविशारद कापांजी यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही गुणांची पद्धत जगभर वापरतात, कारण तिला एकही साधन लागत नाही. अंगठ्याचं टोक तर्जनीच्या पहिल्या पेराच्या बाजूला टेकलं तर १, मधल्या पेराच्या बाजूला टेकलं तर २. तर्जनीच्या टोकाला ३, मधल्या बोटाच्या टोकाला ४, अनामिकेच्या ५, करंगळीच्या टोकाला ६. तिथून करंगळीवरूनच खाली उतरायचं: नखाजवळच्या सांध्याच्या घडीला ७, मधल्या सांध्याच्या घडीला ८, करंगळीच्या बुडाच्या घडीला ९, आणि त्याखाली तळव्याच्या वरच्या आडव्या रेघेला टेकलं तर १०. जिथवर पोहोचला तो गुण.

लबाडी इथेही चालते. अंगठा तळव्याला घासत आडवा गेला तर तो गुण धरायचा नाही. त्याने तळव्यापासून उचलून, कमान करत जायला हवं. बोटांची टोकं टोकांना भिडायला हवीत, कुशीला नाहीत. आणि १० पैकी ९ मिळाले म्हणून बुडाचा सांधा ठीक आहे असं समजू नका. पुढचे दोन सांधे मोकळे असले तर ते बुडाची कमतरता झाकून नेतात. म्हणून गुण आणि ठिपक्यांचं अंतर, दोन्ही शेजारी-शेजारी लिहा. गुण ९ आणि अंतर दर महिन्याला घटतंय, असं दिसलं तर अंगठा उसनवारीवर चाललाय.

वहीत काय लिहायचं

सरळ होताना राहिलेली कमी आधी, वळलेला कोन नंतर: "उजवी तर्जनी, मधला, २०/८५". वजा-अधिकची चिन्हं वापरू नका. काही ठिकाणी वजा म्हणजे सरळ होण्यात कमी, काही ठिकाणी वजा म्हणजे मागे झुकणं. त्यापेक्षा "मागे १०" असं अक्षरात लिहिलं की भांडण नाही.

प्रत्येक माप दोनदा घ्या. मागच्या महिन्याचं पान झाकून ठेवा, नाहीतर हात आपोआप त्याच आकड्याकडे जातो. हे माझंही होतं. फोटो काढत असाल तर फोन सांध्याच्या उंचीवर, काटकोनात धरा. वरून तिरका काढलेला फोटो हौसेपुरता.

५ अंशांपर्यंतचा फरक मोजणाऱ्याच्या हातातच असतो. तो सुधारणाही नाही आणि बिघाडही नाही. गाठी असलेल्या बोटात किंवा मोजणारा बदलला तर मी १० अंशांखाली काहीच मानत नाही. दोन-तीन महिने एकाच दिशेने जाणारा आकडा मात्र लहान असला तरी खरा. घरी महिन्यातून एकदा मोजलं तर पुष्कळ झालं. रोज मोजणाऱ्या एका काकांनी सहा आठवड्यांत ४२ पानं भरली होती, आणि झोप घालवली होती.

शेवटचा रकाना "काय जमलं, काय नाही" असा ठेवा. कुलूप, शर्टाचं बटण, पिठाचा गोळा, स्कूटरचा ब्रेक. जे त्या माणसाचं रोजचं आहे तेच. मावशींच्या वहीत आम्ही दोनच लिहिले: कात्री आणि बरणीचं झाकण.

मोजणं थांबवून डॉक्टरांकडे जायचं तेव्हा

आमवात असलेल्या माणसाची अनामिका किंवा करंगळी एका दिवसात अचानक सरळ होईनाशी झाली, पण दुसऱ्या हाताने उचलली तर सरळ होते, तर दोरी तुटलेली असू शकते. अंगठ्याचं टोक अचानक वळेनासं झालं तरी तेच. दुखत नाही म्हणून लोक महिनाभर थांबतात, आणि तेवढ्यात शेजारचं बोटही जातं. त्याच आठवड्यात हाताच्या सर्जनना दाखवा. एकच सांधा लालबुंद, गरम आणि अंगात ताप, तर आठवडाही नको, त्याच दिवशी जा. बोट वळल्यावर अडकून टक् आवाजाने उघडत असेल तर तो सांध्याचा नाही, दोरीच्या वाटेचा त्रास आहे. त्या बोटाच्या कोनाचा आकडा बाजूला ठेवा, "अडकतं" एवढंच लिहा.

मावशींना डॉक्टरांनी अंगठ्याचं बूड धरून ठेवणारा पट्टा दिला होता, तो आम्ही कामाच्या वेळीच घालायचा असं ठरवलं. कात्रीच्या दांड्यांवर सायकलच्या ट्यूबची गुंडाळी करून त्या जाड केल्या. मार्चमध्ये मुलगा वही घेऊन आला. ठिपक्यांचं अंतर डिसेंबरात ३९ मिलिमीटर, आता ४१. दोन मिलिमीटरचं मी काही मानत नाही, तसं त्याला सांगितलं. कापांजीचे गुण ७, तेव्हाही ७. शेवटच्या रकान्यात मात्र मावशींनी स्वतः, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "झाकण, फडकं धरून, मी."